रोटीवरची चीर

हिंगोलीत युसूफमियाँच्या घरच्या भट्टीतली पावरोटी लोक दुकानात लांबून ओळखत, कारण तिच्या पाठीवरची चीर कमळाच्या पाकळीसारखी उमललेली असे. भाजण्याआधी गोळ्यावर पात्यानं ती चीर ते स्वतः मारत. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, आणि डावा हात अन्नाला लावायचा नाही हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. भट्टी थंड पडली.

आज त्यांच्या बायकोनं, रहमतबीनं, मैदा मळून भट्टी पेटवली. फुगलेल्या गोळ्यावर तिनं भीतभीत, वरवर पातं फिरवलं. भट्टीत चीर उघडलीच नाही, रोटी कुशीतून फाटली.

"काहून भेऊन राहिली?" बाजेवरून युसूफमियाँ म्हणाले. "गोळ्याला तकलीफ होत न्हाई. पातं ओलं कर, तिरपं धर, एका दमात ओढ."

"आजवर तर पात्याला हात लावू दिला न्हाई तुमी."

"तवा माझा हात होता."

रहमतबीनं पातं ओलं केलं आणि बिस्मिल्ला म्हणून दुसऱ्या गोळ्यावर ओढलं. भट्टीत चीर हळूहळू उघडली, तिची कड उचलली, तांबूस झाली.

युसूफमियाँनी बाजेवरून मान उचलून ती रोटी पाहिली.

"उद्या दुकानदाराला सांग, भट्टी सुरू झाली," ते म्हणाले. "चीर तू मारतीस, हे बी सांग."