दामूअण्णांचं पोट दुखायचं तेव्हा

दामूअण्णांचे किस्से सांगायला बसलं की एक अडचण येते. मी एक सांगेपर्यंत ऐकणाऱ्याला दोन आठवतात, आणि मग मीच ऐकत बसतो. म्हणून आज मध्ये कुणी बोलायचं नाही.

साठ सालच्या आसपासचं बंगळूर. टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे चामराजपेटचं मराठी मंडळ होतं. दर महिन्याला एक नाटुकलं. घर तेच, माणसं तीच, भानगड नवी. त्यात दामूअण्णा भाऊसाहेब व्हायचे. काम अंगावर आलं की भाऊसाहेब पोट धरून खुर्चीत कोसळायचे आणि म्हणायचे, "मी चाललो. दिवा तेवढा मालवा." हॉल लोळायचा. मी प्रॉम्प्टर. ते वाक्य मला कधीच सांगावं लागलं नाही.

*

कारखान्यात अण्णांना खरंच ताप भरला. रजा मागायला साहेबांकडे गेले. साहेब सोलापूरचे, मंडळाचे मेंबर. त्यांनी फोन उचलला आणि शेजारच्या सेक्शनला सांगितलं, "लवकर या, भाऊसाहेब करतायत."

सगळे आले. टाळ्या पडल्या. रजा मिळाली नाही.

*

मंडळातले पाटीलकाका वारले, तेव्हा अण्णा भेटायला गेले. दारात चपला काढून, मान खाली घालून उभे राहिले. कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. मग अख्खी खोली.

अण्णा घाबरून निघाले, तर काकूंनीच थांबवलं. "बसा हो. सकाळपासून सगळे नुसते सुतकी चेहरे करून बसलेत."

*

घरीही तेच. "सुमन, पोटात दुखतंय."

"आधी दळण आणा. मग दुखू दे."

*

एका महिन्यात नाटुकल्याला अध्यक्ष म्हणून एक सर्जन आणले होते. कानडी माणूस, मराठीचा गंध नाही. पहिल्या रांगेत गंभीर बसलेले. सेक्रेटरी जोगळेकर विंगेत हैराण. "डॉक्टर हसत नाहीयेत. अण्णा, स्वल्प जोर लावा."

अण्णांनी पोट धरलं. पण नेहमीचं वाक्य आलंच नाही. म्हणाले, "अहो, खरंच दुखतंय."

हॉल फुटला.

"देवाशपथ दुखतंय."

लोक खुर्च्यांवरून घसरले. सुमनवहिनींनी तोंडात पदर कोंबला. अण्णा जमिनीवर आडवे झाले, घामानं मेकअप ओघळला, तर मागून आवाज आला, "वन्स मोअर." मीही हसत होतो.

डॉक्टर उठले. जोगळेकर म्हणाले, "संपलं. कंटाळून चालले."

डॉक्टर सरळ स्टेजवर चढले. अण्णांचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "कार. नाऊ." लोकांना वाटलं, नवीन पात्र. एंट्रीला टाळी पडली.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. वहिनी ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर, हातात अण्णांच्या भाऊसाहेबी मिशा. डॉक्टर बाहेर आले. "सरी अम्मा, ही ईज फाइन." तेव्हा कुठे वहिनी रडल्या.

अण्णांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "डॉक्टर हसले का?"

*

बरे झाल्यावर अण्णा परत स्टेजवर आले. हॉल गच्च. डॉक्टर पुन्हा पहिल्या रांगेत. भाऊसाहेबांवर दळणाची पाळी आली, त्यांनी पोट धरलं.

कुणी हसलं नाही. वहिनींनी दळणाची पिशवी स्वतःच उचलली. चौघे टॅक्सी आणायला धावले. साहेब उभे राहून ओरडले, "अण्णा, रजा मंजूर."

त्या चिडीचूप हॉलमध्ये एकटे डॉक्टर खो खो हसत होते.