आप्पांच्या मिशीवरचा फेस

आप्पांची मिशी आधी दिसायची, आप्पा मागून. न्हावऱ्याच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली. पहिल्याच सकाळी एका वाडीवर गेले, तर डेअरीच्या ओट्यावर हे चेअरमन तांब्याभर धारोष्ण दूध गटागटा पीत होते. मिशीवरचा फेस मुद्दाम पुसायचे नाहीत. "म्याडम, उकळलं की दुधाचा जीव जातो. आमच्या तीन पिढ्या आशाच पोसल्या." समोरचे लोक माना डोलवायचे. मला त्या फेसाची किळस यायची.

पुढं त्यांची जर्सी गाय सातव्या महिन्यात गाभडली, वासरू मेलेलंच पडलं. या बहाद्दरानं आत अडकलेली जार उघड्या हातानं ओढून काढली, हात धोतराला पुसले आणि त्याच हातानं मला चहा दिला. मी म्हटलं, "आप्पा, गाय गाभडवणारा रोग माणसालाही लागतो, ताप येतो. तिन्ही गायींचं रक्त तपासू. तोवर कच्चं दूध कुणी प्यायचं नाही, सूनबाईंनी तर मुळीच नाही." सून रेखा दारात उभी राहून ऐकत होती. चार महिन्यांची गरोदर होती.

"आन् बोभाटा झाला तर डेअरीला दूध कोण घालंल?" आप्पांना घोर होता तो खुर्चीचा!

रक्त काढायला गेले, तर आप्पांकडे तीन नळ्या भरून तयार. "उनाचं कशाला हाल करून घेता? वळखीच्या कंपाउंडरकडनं काढून ठिवलंय." मला अजून चार गोठे बघायचे होते. मी नळ्यांवर गायींचे नंबर टाकले आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

रिपोर्ट चांगला आला. आप्पांनी तो लॅमिनेट करून डेअरीत टांगला आणि घरी येऊन सुनेपुढं तांब्या धरला. मी तिथंच होते. रेखानं माझ्याकडं पाहिलं. "ताई, पिऊ का?"

"रिपोर्ट तर चांगलाय," मी म्हणाले.

महिन्याभरात तिला ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी घामानं भिजायची. पोटातलं बाळ गेलं. दौंडच्या डॉक्टरांनी दुखणं ओळखलं, तेव्हा मी जाऊन स्वतःच्या हातानं रक्त काढलं. जर्सीला तोच रोग निघाला. आप्पा म्हणाले, "तिन्ही नळ्या म्हाताऱ्या कपिली गायीच्याच हुत्या. गरीब हाय ती, सुई टोचू देती."

आता हेच आप्पा ओट्यावरून लोकांना दटावतात, "उकळूनच प्या रं!" जणू उकळणं यांनीच शोधून काढलं. परवा रेखापुढं मी तावातावानं बोलत होते, निर्लज्ज म्हातारा, मेला कुठला. ती गॅसवरचं दूध ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं सोडा, ताई. त्यांना मी इचारलंच न्हवतं. तुमाला इचारलं हुतं."