थांब्यावरचा मांडव

आमच्या गावी लग्नघरी मांडव घालायचा असला की घरटी एक माणूस बांबू आणि जांभळाच्या डहाळ्या आणायला जातो. कुणी बोलावत नाही, जावंच लागतं. मी मात्र दरवेळी टाळायचो. कधी ऑफिस असायचं, कधी पाठ धरलेली असायची. सबबींचा मला कधी तुटवडा पडला नाही.

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिमूरला न्यावं लागायचं. बसथांबा म्हणजे डांबरी रस्त्याकडेचा उघडा मुरूम. एप्रिलात तिथे तासभर ताटकळून ती एकदा कोसळली. घरी आणल्यावर म्हणाली, "मले नाई जमत आता. उन्हात मरण्यापरीस खाटेवर मरीन." ती हट्टी, आणि मी तिचाच मुलगा. शेडसाठी ग्रामपंचायतीत तीन अर्ज देऊन झाले होते. मी चौथा लिहायला बसलो.

शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याच्याही मांडवाला मी गेलो नव्हतो. तरी तो दारात येऊन म्हणाला, "भाऊ, तुमचा कागद येईल तवा येईल. बाईले सावली परवाच पाहिजे. माहा मांडव मोडाचाच हाये, थांब्यावर उभा करून टाकू."

गावातल्या दोन्ही मोहल्ल्यांतली माणसं आली आणि एका दिवसात मांडव उभा राहिला. आईही कशीबशी तयार झाली. फक्त सवयीने सगळ्यांनी त्याचं तोंड पूर्वेला ठेवलं होतं, लग्नाच्या मांडवाचं ठेवतात तसं. रस्ता होता पश्चिमेला. आम्ही आत गारव्यात बसलो, डहाळ्यांआड कुणी आहे हे ड्रायव्हरला दिसलंच नाही, आणि बस निघून गेली.

मी साऱ्या गावाचा उद्धार केला. शेजाऱ्याने आईला मोटारसायकलवर बसवलं, त्याची बायको तिला धरून मागे बसली, आणि त्यांनी पुढच्या थांब्यावर बस गाठली. मी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर मागोमाग पोचलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा रस्त्याकडची बाजू मोकळी केलेली होती. आत आईसाठी एक बाजही होती. "माह्या लग्नालेबी एवढा मांडव नोहता," ती म्हणाली. त्यानंतर तिने एकही खेप चुकवली नाही.

आई आणखी दोन वर्षं जगली. ती वर्षं मला या माणसांनी दिली, हे मी कुणालाही सांगतो. आता लग्नघरचा मांडव उतरला की तो थांब्यावरच जातो. माझे अर्ज अजून कुठल्याशा कपाटात आहेत.

परवा गावात लग्न होतं. सकाळीच मी कोयता घेऊन निघालो, तर शेजारी हसला. "काऊन भाऊ, आज पाठ बरी हाये वाटते?"

"बरी हाये," मी म्हणालो.

आता वयामुळे ती खरोखरच दुखते. मी त्याच्या पुढे चालू लागलो.