उघडा चेहरा

गेल्या महिन्यात चाकणला शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि दादाचा फोन आला. "ती गेली रे..." एवढंच. ती म्हणजे शोभावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको.

थेरगावात डांगे चौकाजवळ त्या बालवाडी चालवायच्या. नाकावरची एक पुळी बरी होईना म्हणून तपासली, तर कॅन्सर निघाला. जीव वाचवायचा तर नाक काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनींनी होकार दिला, पण ऑपरेशननंतर बालवाडी बंद केली. तोंडाला ओढणी बांधून आतल्या खोलीत बसायच्या. मी गेलो की चहा दादाच्या हाती बाहेर यायचा. बालवाडीचा विषय काढला, तर आतूनच म्हणायच्या, "पोरं घाबरतील हो, भावजी."

मग डॉक्टरांनी हाडात बारीक स्क्रू बसवले. ते घट्ट रुजायला काही महिने गेले. त्यांवर लोहचुंबकानं बसणारं सिलिकॉनचं नाक करायचं होतं. ते घडवणाऱ्या मॅडमनी जुना फोटो मागितला. दादानं हौसेनं लग्नातला नेला. वहिनींनी तो परत पिशवीत टाकला. "एवढं कोवळं नको. माझ्या आताच्या तोंडाला शोभेल असं करा." त्यांना खिडकीशी बसवून मॅडम रंगावर रंग चढवत राहिल्या... गालावरचा वांगसुद्धा त्यांनी नाकावर उतरवला.

बालवाडी पुन्हा उघडली, त्या दिवशी मी सोबत होतो. एका चिमुरडीनं विचारलंच, "बाई, तुमचं नाक खोटंय?"

"होय गं. पण शिंक खरी येते हं!"

पोरं हसली. विषय संपला.

त्यानंतर काही चांगली वर्षं मिळाली. मग आजार फुफ्फुसात निघाला. शेवटी ऑक्सिजनच्या मास्कसाठी नाक काढून ठेवलं होतं. अंत्ययात्रेची तयारी झाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी पदरानं चेहरा झाकायला घेतला. माझी पुतणी पुढे झाली.

"थांबा काकू. घरात आई नाक काढूनच बसायची, पण ते लावल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही तिनं. आता बाहेरच निघालीय ना ती?"

दादा नाकाची डबी घेऊन आला. त्यानं नाक चेहऱ्याजवळ नेलं आणि चुंबकानं ते अलगद ओढून घेतलं. चेहरा उघडा ठेवूनच आम्ही वहिनींना नेलं.

नाक धुवायचा मऊ ब्रश अजून बेसिनवरच्या फळीवर आहे. परवा गेलो, तेव्हा दादानं तो उचलला, खालची फळी पुसली आणि परत तिथेच ठेवला.