विद्यापीठाला एका दिवसापुरती शाळा हवी होती

ज्या माणसाने माझी शाळा बंद केली, त्याला मी माफ केलेलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं मवाळ होतात म्हणे. मी झाले नाही.

आमचं अध्यापक विद्यालय कृष्णाकाठी, हमरस्त्याला लागून. आटपाडी, म्हसवडकडच्या कोरड्या मुलखातली पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन यायची आणि दोन वर्षांनी गुरुजी, बाई होऊन जायची. त्याच आवारात पहिली ते चौथीची एक शाळा होती. होणारे शिक्षक तिथल्या मुलांना शिकवून हात बसवायचे, म्हणून तिला सराव शाळा म्हणत. मी त्या शाळेत अठ्ठावीस वर्षं काढली. नव्या गुरुजींचा पाठ चालू असला की मी मागच्या बाकावर बसून त्यांच्या वहीत शेरा लिहायचे.

तो त्यातलाच एक. पहिल्या पाठाला असा घाबरला की फळ्याकडे तोंड करूनच बोलत राहिला. पोरं खिदळायला लागली. पुढचे तीन दिवस शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतलं. पोराला नावाने हाक कशी मारायची, गोंगाट झाला की आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा, हे सगळं करून दाखवलं. चौथ्या दिवशी त्याचा पाठ झकास झाला. पाया पडून म्हणाला, "बाई, तुमी नसता तर मी ट्रंक उचलून घरी गेलो असतो."

मग दिवस फिरले. शिक्षक व्हायला कुणी येईना. वर्गात बाक जास्त आणि पोरं कमी. विद्यालय बंदच पडणार अशी बोलवा होती, तेवढ्यात सरकारने त्याचं शिक्षक घडवणारं विद्यापीठ केलं. गावात पेढे वाटले. मीही वाटले. आणि कुलसचिव म्हणून तोच आला. नावामागे डॉक्टर, अंगावर कोट. मी कौतुकाने भेटायला गेले.

"बसा, मॅडम," तो म्हणाला.

बाईची मॅडम झाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिल्याच सुट्टीत त्याने सराव शाळा बंद केली. मी धावत गेले, तर समोरच्या कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "मॅडम, विद्यापीठाच्या आवारात शेंबडी पोरं बरी दिसतात का? तिथं संशोधन केंद्र होणार आहे."

"आणि ही मुलं कुठं जातील?"

"रस्त्यापलीकडं शाळा आहेच की."

रस्ता म्हणजे हमरस्ता. उंब्रजकडून येणारे उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, एसट्या. रोज सकाळी दोघी-तिघी आया हातात हात घालून पोरांची रांग पलीकडे न्यायच्या. मला पीएच.डी. नव्हती, तेव्हा विद्यापीठात शिकवायला मी अपात्र. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मला टपाल विभागात बसवलं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर मारायचा. खिडकीतून रस्ता ओलांडणारी माझी मुलं दिसायची. मी शिक्के मारत राहिले आणि वाट बघत राहिले. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दीड वर्षाने एक जाड पाकीट माझ्या टेबलावर आलं. विद्यापीठाची तपासणी करायला समिती येणार होती, तिला पाठवायची माहिती त्यात होती. शिक्का मारण्याआधी मी चाळली. सराव शाळेशिवाय मान्यता टिकत नाही, म्हणून एका पानावर लिहिलं होतं: संलग्न सराव शाळा, सुरू आहे. खाली त्याची सही.

मी शिक्का मारला. सरळ, ठळक.

आठवड्याभरात तो स्वतः माझ्या टेबलाशी आला. पहिल्यांदाच. "बाई," म्हणाला. दीड वर्षाने बाई आठवली. "एका दिवसाचं काम आहे. समिती येईल तेव्हा आपली जुनी मुलं वर्गात हवीत. तुमचा शब्द त्यांच्या आया मोडणार नाहीत."

"आणते," मी म्हणाले. त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला हसू दाबावं लागलं.

मी घरोघर गेले. एका मुलीची आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "आवं बाई, एका दिसासाठी कशाला? पुन्यांदा चालू करनार हायती व्हय?"

"न्हाई. पाहुण्यांना दाखवायला."

"मग पोरांनी काय बोलायचं?"

"कुणी विचारलं तर खरं बोलायचं. एवढंच."

खोटं मी काहीच पढवलं नाही. त्याची गरजच नव्हती.

त्या दिवशी संशोधन केंद्रातलं सामान हलवून बाक मांडले होते. रंग ओला होता, मुलींच्या फ्रॉकना लागत होता. समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक वयस्क बाई होत्या. त्या वाकून तिसरीतल्या एका मुलीशी बोलायला लागल्या. भाकऱ्या थापणारीचीच ती लेक.

"बाळ, तुझी रोजची जागा कोणती गं?"

"हितं न्हाई. आमी रोडच्या पल्याड जातो. ही शाळा कवाच बंद झाली."

तो हसला. "लहान आहे, मॅडम. घाबरली आहे."

"मी न्हाई घाबरले," मुलगी म्हणाली.

मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं. ट्रंक उचलून घरी निघालेल्या पोराची नजर होती ती. "बाई, सांगा ना जरा."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मुलीचा गैरसमज झालाय, एवढंच. मी आवाज उतरवला.

"ती खरं बोलतेय. शाळा बंद होऊन दीड वर्ष झालं. आज मुलांना यांनीच बोलावलंय."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि त्याने सही केलेलं पान मागवलं. मी मुलांना व्हरांड्यात नेलं. त्यांच्यासाठी आणलेला शिरा वाढला. मीही दोन वाट्या खाल्ला. इतका गोड शिरा मी जन्मात खाल्ला नव्हता.

महिन्याभरात त्याच्याकडून पद काढून घेतलं. जाण्याआधी तो बायकोला घेऊन माझ्या घरी आला. चहा झाला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, एवढा राग होता तर तोंडावर बोलायचं. शिव्या द्यायच्या. चारचौघांत असं का केलं?"

"तोंडावर बोलायला आले होते," मी म्हणाले. "तुम्ही कागदावरून नजर उचलली नाही."

त्याची बायको रडायला लागली. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं. त्याच्याबद्दल नाही. जुने सहकारी सांगतात, बाई, तुमच्याच हाताखालचा पोरगा, पोटात घालायचं होतं. मी त्यांना म्हणते, तुम्ही घाला.

समितीने अट घातली आणि माझ्या निवृत्तीनंतरच्या जूनमध्ये सराव शाळा पुन्हा उघडली. दोनच खोल्या दिल्या, बाया कंत्राटी, पण घंटा झाली. उद्घाटनाला मला निमंत्रण नव्हतं. इस्त्रीचं लुगडं नेसून मी गेले आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. कुणी उठवलं नाही.