पुठ्ठ्यामागची हवा

ऑफिसात तिला सगळे घार म्हणायचे. बावीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले; तिची लाल पेन्सिल खाली उतरली की चुकीवरच झडप. पण या उन्हाळ्यात दुपारचे तीन वाजले की घारीचे पंख मिटायला लागले. खिडक्या स्क्रू मारून कायमच्या बंद. वर एसी घुरघुरायचा आणि चाळीस माणसांचा श्वास तोच तोच फिरून यायचा. अक्षरं कागदावरून हळूच सुटायची, माशांसारखी पोहू लागायची. तिला वाटायचं, आपण तळ्याच्या तळाशी बसलोय. वर काठावर आई वाळलेले कपडे गोळा करतेय, हाक मारतेय, आणि ती हाक पाण्यातून झिरपत, निळी होत खाली येतेय...

"ताई, घोरू नका," शेजारची टायपिस्ट कोपरानं ढोसायची. "माझी झोप मोडते."

चुका निसटू लागल्या. सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या केबिनची खिडकी मात्र उघडी होती, हे तिनं आधी टिपलं.

"डोळे थकले तुमचे, बाई. आता मागच्या खोलीत जुने कागद बांधायचं बघा. आज बदलीचा आदेश काढतो."

डोळे थकले म्हणे! माणसाला डब्यात कोंबायचं, झाकण लावायचं आणि वर त्याच्याच डोळ्यांना नावं ठेवायची.

घरी नणंद म्हणाली, "वहिनी, वय झालं की मान्य करावं माणसानं."

"तुमचं झालं की सांगा, करीन मान्य," ती म्हणाली. पण रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मंगळवारी सकाळी एसीवाला आला. त्यानं नेमकी तिच्याच खुर्चीमागे शिडी लावली आणि भिंतीवरची जाळी खोलली.

"बाहेरची हवा इथून आत यायला पाहिजे. कुणा शहाण्यानं पुठ्ठा चिकटवलाय बघा!"

सगळे खो-खो हसले. ती हसली नाही. फाईलच्या त्या पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीचे आकडे होते, तिच्याच हातचे. हिवाळ्यात तिथून येणारा गार झोत सरळ मानेवर पडायचा. जाळीमागची झडप जरा वळवा, म्हणून तिनं तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. मग एका संध्याकाळी टेबलावर चढून तिनं डिंकानं भोक बुजवलं आणि विसरून गेली. मान वाचली, आणि सगळ्यांचा श्वास कोंडला.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागणार होता?

"तो शहाणा मीच," ती उभी राहून म्हणाली.

साहेब दारातच होते. "म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा मारलात!"

"मारला. सगळ्यांच्याच पायावर मारला. पण तीन अर्ज कुणाच्या टेबलावर झोपले, तेही विचारा साहेब."

एसीवाल्यानं पक्कड फिरवली. दोन मिनिटांत झडप वळली. दोन मिनिटांचं काम! साहेब बदलीच्या आदेशाचा कागद तिच्या टेबलावर ठेवून गेले.

दुपारचे तीन वाजले. ती तळ्याची वाट बघत राहिली. तळं आलं नाही. कुठून तरी ओल्या मातीचा वास आला, मानेला चाटून न जाता पुढे गेला. अक्षरं आपापल्या जागी गुमान बसली होती. तिनं आदेश वाचायला घेतला आणि पेन्सिल आपोआप खाली उतरली.

'३१ जूनपासून.'

टायपिस्टनं वाकून पाहिलं. "अगं बाई! काल साडेतीनला टाईप केला होता हो, ताई. डोळे उघडे होते, मीच नव्हते."

तिनं लाल गोल केला आणि कागद केबिनमध्ये नेला. साहेबांनी आधी खालची स्वतःची सही पाहिली, मग मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले. पुन्हा मोजले.

"डोळे थकलेत ना माझे?" तिनं विचारलं.

"जा बाई," साहेब शेवटी हसले. "ती तारीख येईल तेव्हा जा मागच्या खोलीत. तोवर बसा तिथंच."

ती परतली. टेबलावरचे अर्ज वाऱ्यानं हलके हलके फडफडत होते, काठावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे.