बेटाआडचं जहाज

हे मी आजवर कोणाजवळच बोलली नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ तर नाहीच — तो म्हणेल, खेळातलं काय घेऊन बसली! तुम्हीही म्हणाल कदाचित. म्हणा. पण आधी पूर्ण ऐकून घ्या.

वैशू, शिल्पा आणि मी, सौंसरच्या शाळेत एका बाकावरच्या. शिल्पा पुढं पुण्याला गेली. वैशू लग्न होऊन पांढुर्ण्याला, तिथल्या शाळेत गणिताची मॅडम झाली. मी इथंच राहिली, संत्र्याच्या बगीच्यात. मागच्या वर्षी वैशूची स्कूटी घसरली अन् डोक्याला मार बसला. टाके सुकले, पण डॉक्टर म्हणाले, काही महिने आराम करा, अन् काही विसरायला होतं का तेवढं बघत राहा. झालं! बाकी कशाला न भिणारी वैशू त्या एका गोष्टीला भ्यायला लागली. अख्ख्या वर्गाची हजेरी जिला तोंडपाठ, ती.

तिचा जीव रमावा म्हणून शिल्पानं हा खेळ काढला — समुद्री लुटारूंचा. मुठीत मावतील अशी जहाजं, नखाएवढे लुटारू, एकाच्या डोळ्यावर तर पट्टीसुद्धा. डबा माझ्याकडं आला, कारण आमची संत्री निवडायची खोली मोसम संपला की रिकामीच. निळी चादर म्हणजे समुद्र. कन्हान नदीतले गोटे म्हणजे बेटं. छताला पाळण्याची कडी आहे, तिला दोरीनं व्हिडिओ कॉलवरचा फोन टांगला, स्क्रीन अन् कॅमेरा खाली करून. पंखा लागला की फोन हळूहळू डुलायचा, अन् त्या दोघींना घरबसल्या समुद्र डुलताना दिसायचा. रविवारची दुपार, खोलीत सालींचा वास, पडद्यातून येणारं पिवळं ऊन... कोण कुठं आहे याचा विसरच पडायचा. "मले तं बोट लागून राहिली, बाई," शिल्पा पुण्यातून म्हणायची, अन् आम्ही खिदळायचो.

जहाजं माझ्याच हातानं हलायची. त्यांनी सांगायचं, मी सरकवायची — दोन बोटं डावीकडं, वीतभर पुढं. फासेही सगळ्यांचे मीच टाकायची. भरवशावर चालला होता कारभार. अन् एक नियम होता: बेटाआडच्या जहाजावर तोफ चालत नाही.

वैशू जिंकायची. पलंगावर पडल्या पडल्या जिंकायची! मला त्याचं कौतुक वाटायला पाहिजे होतं ना? मी जळायची. शाळेत ती पहिली अन् मी तिच्या वहीत डोकावून पास. तिचा अपघात झाला तेव्हा माझी आई जामसांवलीच्या हनुमानाला जाऊन तिच्यासाठी नवस बोलून आली. माझ्यासाठी कधी गेली होती? आजारी बाईवर जळत होती मी — सांगायलाही लाज वाटून राहिली.

त्या रविवारी तिनं आपलं लाल शिडाचं जहाज मोठ्या गोट्याआड नेऊन ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. अन् लाइट गेली. वायफाय गेलं, दोघीही गेल्या. पंखा थांबला, फोन डुलायचा थांबला. एवढं शांत झालं — वाटलं, खरंच कुठंतरी भर समुद्रात आली मी, अन् चहूकडं कोणीच नाही. मग माझा हात गेला. नाही, हात गेला म्हणणं खोटं आहे. मी नेला. लाल जहाज गोट्याआडून जरासं बाहेर सरकवलं.

लाइट आली. पाळी माझी होती. तोफ डागली, फासा चांगला पडला, जहाज बुडालं.

वैशू म्हणाली, "अवं, मी तं ते गोट्याच्या मांगं ठेवलं होतं ना?"

इथं थांबता आलं असतं. चादर ओढल्या गेली असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी म्हणाली — अन् आवाज किती गोड केला होता मी! — "नाही वैशू. तू उघड्यावरच सोडलं होतं. विसरली काय?"

विसरली काय. तो शब्द तोंडातून निसटला नव्हता. मला माहीत होतं तो कुठं लागंल. जहाज सरकवणं चीटिंग होती, चला. पण हे? याला काय म्हणायचं? शिल्पाचं लक्ष नव्हतं, ती म्हणाली, असंल बाई. वैशू कॅमेऱ्याकडं बघत राहिली, अन् थोडी हसली. "हो का? असंल मंग."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तिनं मोठ्या सरांना सांगितलं, दहावीचं गणित मला नको, लायब्ररी द्या. तिच्या मिस्टरांचा फोन आला मला. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण हिचा स्वतःवरच भरवसा नाही. म्हणते, डोळ्यासमोर ठेवलेलं ध्यानात राहत नाही, तर पोरांसमोर फळ्यावर काय करू? तुम्ही मैत्रीण, तुम्ही समजवा. तेव्हा तरी बोलावं ना माणसानं! मी म्हणाली, "बरोबर केलं तिनं, भाऊजी. आराम पडंल जीवाला."

दहावीचं गणित आता दुसरंच कोणी शिकवते. वैशू पोरांना पुस्तकं देते, परत घेते, कपाटाला कुलूप लावते, अन् लावलं का म्हणून शिपायाला विचारते.

खेळ आम्ही अजून खेळतो. पाळी आली की ती आधी मला विचारते, "माझं जहाज कुठं हाये वं? तूच सांग. माझा काही नेम नाही." मी सांगते. आता अगदी खरं सांगते, बोटं लावून मोजून. ती मान हलवते. परवा म्हणाली, "तू हायेस म्हणून मी खेळून राहिली. नाहीतर माझ्यासंगं कोण खेळलं असतं?"

मी म्हणाली, "असं काय म्हणतेस, वेडी," अन् तिचं जहाज पुढं सरकवलं.